मे महिन्यात नातेवाईकांकडे फिरायचंय? आधी निघायची नाही, परतायची तारीख ठरवा

शाळांना सुट्ट्या लागल्या की घराघरात एकच विषय निघतो. यंदा आत्याकडे जायचंच, मामाकडे दोन वर्षं झाली गेलो नाही, अमक्याच्या मुलाचं लग्न आहे, तमकीला मुलगी झाली तिचं तोंड अजून बघितलेलं नाही, आणि गावच्या घरी आंबे पडून सडतायत. मग सगळं एकाच ट्रिपमध्ये बसवायचा प्रयत्न होतो आणि पंधरा दिवस फिरून आल्यावर माणूस विचारतो की आपण नक्की कुणाला भेटलो. नुसते चहा पिऊन आलो.

माझं मत सरळ आहे. घरं कमी करा आणि एकेका घरी मुक्काम वाढवा. ज्या घरी जाताय तिथे पहिल्याच फोनमध्ये येण्याच्या तारखेबरोबर निघण्याची तारीख आणि गाडीसुद्धा सांगा, बाकी सगळं यातून सुटत जातं. खाली मी मुंबई–कोकण–बेळगाव–कोल्हापूर–मुंबई असा गोल डोक्यात ठेवून लिहितोय, कारण आमच्यासारख्या बऱ्याच जणांचे नातेवाईक याच पट्ट्यात पसरलेले असतात. तुमचे खानदेशात किंवा मराठवाड्यात असतील तर गाड्या बदलतील, पद्धत तीच.

पहिलं काम: घरांची यादी

मार्चच्या सुरुवातीलाच एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून यादी करा, आजी-आजोबा असतील तर त्यांना धरूनच, कारण कुठल्या घरी न जाणं वाईट दिसेल हे त्यांनाच माहीत असतं. प्रत्येक नावापुढे लिहा की तिथे राहायचंय, फक्त जेवायचंय की नुसतं डोकवायचंय. पंधरा दिवसांत राहायची घरं तीन, फार तर चार. त्याच्यावर गेलात तर रोज बॅग भरणं आणि रोज बॅग उघडणं एवढंच होतं.

यादीत क्रम लावताना आमच्याकडे एक नियम आहे तो सांगतो, पटला तर घ्या. ज्या घरात वर्षभरात कुणी वारलंय ते घर पहिलं. लग्नाला जाऊन नटूनथटून, मेंदीच्या हातांनी दुःखाच्या घरी भेटायला जाणं बरं दिसत नाही, आणि दुःखाच्या घरून थेट मांडवात गेलेलंही जुन्या माणसांना चालत नाही, त्यामुळे मध्ये एखाद-दुसरा दिवस ठेवा. अशा घरी जेवायला थांबायचं का, कुठल्या वारी जायचं, हे गावागावात वेगळं असतं, तेव्हा तिथल्याच एखाद्या वडीलधाऱ्याला फोन करून विचारून घ्या. मिठाईचा पुडा नेऊ नका, फळं चालतात.

त्यानंतर आजारी आणि वयस्कर माणसं, मग नवीन बाळ, नवीन घर, आणि शेवटी ज्यांच्याकडे फक्त मजा करायला जायचंय ते. मजेची घरं शेवटी ठेवायचा फायदा असा की वेळ कमी पडला तर तिथलीच मंडळी समजून घेतात.

तारखा कशाभोवती बांधायच्या

आधी न हलणाऱ्या तारखा लिहा, म्हणजे लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत. मग शाळा. आपल्याकडे बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा, तेव्हा नागपूर-अमरावतीची भावंडं जूनमध्येसुद्धा मोकळी असतात पण मुंबई-पुण्याची नसतात. सगळ्या भावंडांना एकत्र आणायचं असेल तर मेचा पहिला किंवा दुसरा आठवडा सोडून पर्याय नाही.

पंचांग बघायला विसरू नका. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त काढत नाहीत, त्यामुळे लग्नं त्याच्या आधी किंवा नंतर गर्दी करणार. पण हाच धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला घरी बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचा महिना, तेव्हा सासरेबुवांचा फोन येणारच आहे असं धरून चाला आणि सासुरवाडीचा मुक्काम १७ तारखेनंतर टाका. आधी एकदा जाऊन आलात तरी धोंड्याला पुन्हा बोलावतील आणि ट्रिपचं गणित बिघडेल. जावई लोकांनी खूश व्हायला हरकत नाही, पण अनारसे करणाऱ्या सासूबाईंना निदान आठ दिवस आधी नक्की तारीख कळवा, तांदूळ भिजवण्यापासून पीठ मुरेपर्यंत दिवस जातात.

कोकणात जायचं तर आंबा, मासे आणि पाऊस या तिन्हीचं कॅलेंडर बघावं लागतं. हापूस मेच्या शेवटाकडे संपत येतो, पण स्वस्तही तेव्हाच होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणजे ताजं सुरमई-पापलेट खायचं असेल तर मे महिन्यातच पोचा. जूनमध्ये खाडीचं किंवा सुकं मिळेल, तेही वाईट नसतं म्हणा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यासुद्धा साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी बंद होतात, मुलांना किल्ला दाखवायचं कबूल केलं असेल तर ते लक्षात ठेवा. आणि मेच्या शेवटी दुपारनंतर विजा, वारा, वळवाचा पाऊस आणि मग रात्रभर लाईट नाही, हे धरून चालायचं.

या सगळ्यात दर चार-पाच दिवसांनी एक दिवस पूर्ण रिकामा सोडा. कपडे धुणं, मुलाचं पोट बिघडणं, "अजून एक दिवस राहा ना गं" हा आग्रह, हे सगळं त्या दिवसात जिरतं.

तिकीट

आता सगळ्यात कटकटीचा भाग. रेल्वेचं आगाऊ बुकिंग नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. म्हणजे १० मेच्या गाडीचं बुकिंग ११ मार्चला सकाळी ८ वाजता. कोकणच्या गाड्या मे महिन्यात मिनिटांत भरतात, त्यामुळे आदल्या दिवशीच ॲपमध्ये सगळ्यांची नावं-वयं भरून मास्टर लिस्ट तयार ठेवा, खात्याला आधार जोडून ठेवा, आणि दोन पर्याय ठरवून बसा.

जायचं आणि यायचं यातलं एकच तिकीट कन्फर्म मिळणार असेल तर परतीचं धरा. जाताना एसटी, ट्रॅव्हल्स, कुणाची गाडी, काहीही जमतं कारण अंगात दम असतो. येताना मुलं दमलेली, आंब्याच्या पेट्या, फणस, वर दुसऱ्या दिवशी ऑफिस.

तुतारीने जाणाऱ्यांनी तारीख नीट बघा. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे ९ तारखेला रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट १० तारखेचं काढायचं. दरवर्षी कुणीतरी सहकुटुंब चोवीस तास उशिरा प्लॅटफॉर्मवर उभं असतं आणि टीसीशी भांडत असतं. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीवरून सुटते, ती बारा वाजायच्या आत सुटत असल्यामुळे मुंबईहून चढणाऱ्यांना हा घोळ नाही. मांडवी सकाळची, दिवसभराचा प्रवास, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मी मांडवीच सांगेन, कारण बोगदे, नद्या, हिरवळ बघत जाता येतं आणि खायला भरपूर येत राहतं. वंदे भारत २०२३ पासून सुरू आहे, पटकन पोचवते, मात्र थांबे कमी, तुमचं स्टेशन आहे का ते आधी बघा.

घरात ज्येष्ठ असतील तर त्यांचं तिकीट वेगळं, लोअर बर्थच्या ज्येष्ठ कोट्यातून काढा. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना तो मिळतो, पण एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त चालत नाहीत. आख्ख्या कुटुंबाचं एकच तिकीट काढलं की आजी मधल्या बर्थवर आणि मग रात्रभर अदलाबदलीच्या विनवण्या. रेल्वेची ज्येष्ठांची भाडे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून बजेट करू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं.

नाहीच मिळालं तर तत्काळ आहे, गाडी सुटायच्या आदल्या दिवशी एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी लागते. उन्हाळी स्पेशल गाड्या नंतर जाहीर होतात, त्यावर लक्ष ठेवा, उशिरा धावतात पण जागा मिळते. रोह्याच्या पुढे वीरपर्यंत डबल ट्रॅक झालाय, त्यापुढे कोकण रेल्वे बहुतेक सिंगल लाईनच, क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबली. म्हणून स्टेशनवर घ्यायला येणाऱ्या भावाला टाइमटेबलची वेळ सांगू नका, दोन स्टेशनं आधी फोन करतो म्हणून सांगा.

आणि नावात "रोड" असलेल्या स्टेशनांपासून सावध. राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड, गाव आणि स्टेशन एकत्र असेलच असं नाही. राजापूर शहर तर स्टेशनपासून चांगलंच लांब आहे. रात्री-पहाटे उतरणार असाल तर रिक्षावाल्याचा नंबर पाहुण्यांकडून आधीच घेऊन ठेवा.

घरून घरी जायला एसटीच बरी. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, ७५ च्या वरच्यांना फुकट, फक्त आधार कार्ड जवळ हवं. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते, बेळगाव किंवा पणजीची गाडी असेल तर पलीकडचं भाडं पूर्ण लागतं, तेव्हा कंडक्टरशी वाद घालू नका, तो बरोबर असतो. बरंच फिरायचं असेल तर एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास चार आणि सात दिवसांचा मिळतो, डेपोत चौकशी करा. पुरुष प्रवाशांनाच त्याचा हिशेब जास्त जमतो, बायकांना अर्ध्या तिकिटामुळे बहुधा गरज पडत नाही.

घाट

कोकणातून वर यायचं म्हणजे घाट आला. चिपळूणहून कराडला कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा, कणकवलीच्या बाजूने फोंडा, वैभववाडीहून करूळ किंवा भुईबावडा, सावंतवाडीहून आंबोली. कामासाठी किंवा दरड पडली म्हणून यातला एखादा बंद असणं नवीन नाही, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडवर विचारा, मॅपवर विश्वास ठेवू नका.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पोट रिकामंही ठेवायचं नाही आणि भरूनही नाही. सकाळी दूध आणि तेलकट टाळा, कोरडी पोळी किंवा दोन इडल्या, तोंडात आवळा सुपारी किंवा लिंबाची फोड, ड्रायव्हरच्या जवळची सीट, आणि मोबाईल अजिबात हातात द्यायचा नाही. डॉक्टरकडून गोळी घेतली असेल तर निघायच्या अर्धा तास आधी. कॅरीबॅग खिशात, बॅगेच्या तळाला नको!

आंबोलीला सकाळी वर चढलात तर गार लागतं, मुलांना स्वेटर नको पण एक पूर्ण बाह्यांचा शर्ट वर ठेवा. बेळगावात आपली मराठी माणसं भरपूर, तिथे भाषेची अडचण येत नाही, आणि परत येताना कुंदा आणलाच पाहिजे नाहीतर घरी कुणी दार उघडत नाही.

फोन कसा करायचा

ही खरी किल्ली. "येतोय बघ मे महिन्यात कधीतरी" असं बोलायचं नाही. असं बोला: "काकू, आम्ही चौघं बुधवारी १३ तारखेला दुपारच्या गाडीने येतो, जेवून येतो, आणि शनिवारी सकाळी साडेसातच्या एसटीने निघतो, तिकीट काढलंय." हे "तिकीट काढलंय" फार महत्त्वाचं. त्याने आग्रह प्रेमाचा राहतो आणि काकूंना पण चार दिवसांच्या दुधाचा, भाजीचा, पाण्याचा अंदाज येतो. परतीची तारीख न सांगता येणारा पाहुणा कितीही लाडका असला तरी यजमान मनात दिवस मोजायला लागतात, आणि त्यांचा काही दोष नसतो.

त्याच फोनमध्ये कोण मासे खात नाही, कुणाला सोमवार-गुरुवार आहे, कुणाला संकष्टी, कुणाला तिखट चालत नाही, बाबांना साखर आहे, हे सगळं सांगून टाका. तिथे गेल्यावर वाढलेलं ताट बघून "मी आज नाही खात" म्हटलं की त्या बाईची सकाळ फुकट जाते. मुलांच्या सवयीसुद्धा सांगा, पण यादी लांबवू नका, मुलांना भात-वरण खायला लावा.

एक प्रश्न मात्र तुम्ही विचारायचा: पाणी कसं आहे? मे महिन्यात कोकणात विहिरी तळाला जातात, घाटावर टँकर असतो, शहरात दिवसाआड पाणी असतं. चार माणसं शॉवर घेणारी आली तर घरच्यांची पंचाईत होते पण कुणी बोलत नाही. एक बादली पाणी, एवढं मुलांना घरूनच शिकवून न्या.

काय न्यायचं

ज्या गावात जे पिकतं ते त्या गावाला नेऊ नका. कोकणात काजू नेणारे लोक मी पाहिलेत, काय बोलणार. घाटावरचा चांगला गूळ, कांदा-लसूण मसाला, सांगली-जयसिंगपूरकडचं भडंग, पुण्याची बाकरवडी, नाशिकचे मनुके हे कोकणात आवडीने घेतात. घाटावर जाताना कोकम, काजू, कुळथाचं पीठ, मालवणी खाजा, तांदळाच्या फेण्या. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं मिळतात, लहान मुलांच्या घरी न्यायला प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी छान, फक्त दोन घरांत सारखीच द्या नाहीतर भावंडांत तुलना होते.

बॅगेत एक वेगळी पिशवी करा: चार-पाच ब्लाउज पीस किंवा खण, सुट्ट्या नोटा, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली कोरी पाकिटं. नारळ जिथे जाल तिथे मिळतात, वाहून नेऊ नका. निघताना मुलांच्या हातात काही ठेवायचं तर एका घरातल्या सगळ्या मुलांना सारखं, आणि चुलत घरं शेजारी असतील तर दोन्हीकडे सारखं. हे आकडे निघायच्या आधी नवरा-बायकोने आपसात ठरवून घ्यावेत. ऐनवेळी दाराशी कुजबुज करणं फार वाईट दिसतं.

कपडे कमी न्या, सुती न्या. लग्नाचे कपडे एका वेगळ्या बॅगेत आणि ती बॅग लग्न होईपर्यंत उघडायची नाही. टॉर्च, ओडोमॉस, मुलांची तापाची आणि पोटाची औषधं, बाबांच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण ट्रिपच्या आणि वर आठवडाभराच्या जास्त. छोट्या गावात नेमका तो ब्रँड मिळत नाही.

घरी पोचल्यावर

पहिल्या संध्याकाळी कुठेही जायचं नाही. बसायचं, गप्पा मारायच्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळ. मोबाईल चार्जिंगला लावून तिथेच सोडून द्या.

दुसऱ्या दिवसापासून घराचा दिनक्रम कसा आहे ते बघून त्यात शिरा. आंघोळीची लाईन ज्याला कामावर जायचंय त्याच्यापासून सुरू होते, पाहुण्यांपासून नाही. दुपारी दीड ते साडेतीन घर झोपतं, तेव्हा मुलांना पत्ते किंवा पुस्तक, आरडाओरडा नको. स्वयंपाकघरात "मी काय मदत करू" विचारत उभं राहू नका, विचारलं की "काही नको गं बस" हेच उत्तर येणार, सरळ नारळ खवायला घ्या, कोथिंबीर निवडा, जेवल्यावर ताटं उचला. हे पुरुषांनाही लागू आहे, उलट जावयाने स्वतःचं ताट उचललं की सासुरवाडीत वर्षभर चर्चा होते.

खर्चाचं नाजूक असतं. पैसे हातात देऊ केले तर अपमान होतो. त्यापेक्षा सकाळी भाऊजींबरोबर मासे आणायला जा आणि कोळणीला पैसे तुम्ही द्या, दूधवाल्याचे दोन दिवसांचे तुम्ही द्या, बाजारातून फळं, भाजी, बिस्किटं न सांगता घेऊन या. बाहेर फिरायला गेलात तर पेट्रोल आणि हॉटेल तुमचं. घरकामाला येणाऱ्या मावशींना निघताना वेगळे पैसे द्या, त्यांचं काम तुमच्यामुळे दुप्पट झालेलं असतं आणि हे बहुतेक लोक विसरतात.

देवदर्शन एकच ठेवा, कुलदैवत किंवा ग्रामदैवत, सकाळी लवकर. पाच देवळं करायला वेगळी ट्रिप काढा.

"जेवूनच जा"

चहाच्या घरांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळी गडबड इथेच होते. सकाळी अकरानंतर कुणाच्या दारात गेलात तर तुम्ही जेवायला आलात असाच अर्थ होतो, तुम्ही काहीही म्हणा. संध्याकाळी सातनंतर तेच. डोकवायची घरं सकाळी साडेनऊ ते साडेदहा किंवा संध्याकाळी पाच ते साडेसहा याच वेळात करा. एका संध्याकाळी दोन घरं पुरेत, तिसऱ्या घरी तुम्ही कांदेपोहे बघून घाबरता आणि ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. पहिल्या घरी पोहे खा, दुसऱ्या घरी फक्त सरबत किंवा चहा मागा, स्वतःहून मागितलं की त्यांनाही बरं वाटतं आणि बशी भरून येत नाही. "पोट भरलंय" म्हणण्यापेक्षा "काकूंनी जेवायला थांबवलंय, वाट बघतायत" म्हणा, एका घरचा मान दुसऱ्या घरी चालतो.

एका दिवसात दोन ठिकाणी जेवण कबूल करू नका, मग ती सख्खी बहीण असली तरी. आणि ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांना रोज सकाळीच सांगा की आज कुठलं जेवण घरी आणि कुठलं बाहेर.

मित्रांचं वेगळं. शाळेच्या ग्रुपवर "भेटूया भेटूया" महिनाभर चालतं आणि कुणी भेटत नाही, कारण तारीख कुणी टाकत नाही. तुम्ही बाहेरून येताय ना, मग तुम्हीच टाका, अमुक वारी संध्याकाळी सहा, स्टँडसमोरच्या अमुक हॉटेलात, जो येईल तो येईल. चौघं आले तरी बस. मित्राच्या घरी भेटायचं ठरवू नका, त्याच्या बायकोला सुट्टीच्या दिवशी आठ जणांचं करावं लागतं. आणि मुक्कामाच्या घरी सांगून जा की मी जेवून येतो, दार कोण उघडेल, किल्ली कुठे. काका रात्री साडेअकरापर्यंत झोपाळ्यावर जागे बसलेत असं व्हायला नको.

निघताना आणि आल्यावर

निघायच्या आदल्या रात्रीच बॅगा भरा, कारण सकाळी घरातल्या बायका तुम्हाला काहीतरी बांधून देण्याच्या मागे असतात: लोणचं, आमसुलं, गरे, कुळीथ. नाही म्हणू नका, फक्त जागा ठेवा. येताना एक रिकामी मोठी पिशवी घडी घालून आणलेली असेल तर सोपं जातं. लोणच्याची बरणी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून उभी, कपड्यांत कधीच नाही. पिकलेला आख्खा फणस एसी डब्यात नेऊ नका, आजूबाजूच्या लोकांचा विचार करा, गरे काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

आंबा मात्र कच्चाच घ्या, तयार नको. प्रवासात उष्णतेने तयार आंबा खालून डागाळतो. पेटीत पेंढा भरपूर, देठ शाबूत, आणि पेटी सीटखाली उन्हापासून लांब, कारच्या बंद डिकीत दुपारभर ठेवली तर आंबा भाजतो. घरी आल्यावर फ्रीजमध्ये टाकायचा नाही. जमिनीवर पेंढा किंवा कागद पसरून आंबे एकमेकांना न दाबता एका थरात ठेवा, वरून पुन्हा पेंढा, आणि रोज एकदा हात फिरवून तयार झालेले बाजूला काढा. खराब झालेला एक सुद्धा आत राहिला तर शेजारचे जातात. सगळे एकदम तयार व्हायला लागले तर वाटून टाका किंवा रस काढून डीप फ्रीज करा.

पोचल्याचा फोन त्याच दिवशी, शेवटच्या घरालाच नाही तर ज्या ज्या घरी राहिलात त्या सगळ्यांना. फोटो ग्रुपवर दोनशे टाकू नका, कुणी बघत नाही. त्यातले दहा-बारा निवडून स्टुडिओत प्रिंट काढा आणि आजी, आत्या, मामी यांना पोस्टाने किंवा जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवा. ज्यांचे डबे तुमच्याकडे आलेत त्यांची नावं डब्याच्या झाकणाखाली पट्टी लावून लिहून ठेवा, डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे तर माहीत आहेच, गणपतीला कुणीतरी तिकडे जाणारच असतं, तेव्हा त्यात चिवडा-लाडू काहीतरी भरून पाठवा. आणि हो, गणपतीचं रेल्वे बुकिंगसुद्धा ६० दिवस आधीच उघडतं, बॅगा रिकाम्या झाल्या की कॅलेंडरवर खूण करून ठेवा.